नवी बोट, ट्रेलर आणि बाहाचा रस्ता: मासेमारीची बोट मेक्सिकोला नेण्याची सविस्तर तयारी

सॅन डिएगो, लॉस एंजेलिस किंवा फिनिक्सच्या बाजूला राहणाऱ्या माणसाने मासेमारीची बोट घेतली, की त्याचा डोळा मेक्सिकोवर असतोच. मेक्सिकालीची सीमा ओलांडली की अडीच तासांत सान फेलिपेला कॅलिफोर्नियाच्या आखाताचा किनारा लागतो. पुढे दक्षिणेला बाहिया दे लोस आंखेलेसला यलोटेल मासे, उन्हाळ्यात दोराडो आणि आणखी खाली गेलात तर कुपा आणि मार्लिन. अमेरिकेतल्या मराठी मंडळींत आता हा नाद बऱ्याच जणांना लागलाय, आणि प्रश्नही तेच ते येतात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतो.

आधी हद्द ठरवू. हा लेख २० ते २५ फुटांच्या, एखाद-दुसरं आउटबोर्ड इंजिन असलेल्या, पिकअपच्या मागे ट्रेलरवर जाणाऱ्या बोटीसाठी आहे. बोट कॅलिफोर्नियात घेतलेली आणि रस्ता मेक्सिकालीमार्गे बाहाचा, म्हणजे मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया या लांबट द्वीपकल्पाचा, असं धरलंय. बोटीची रुंदी साडेआठ फुटांपेक्षा जास्त असेल तर अमेरिकेच्या रस्त्यावरच वेगळा परवाना लागतो. अशी बोट बाहाच्या अरुंद रस्त्यावर स्वतः ओढण्याच्या फंदात पडू नका. ती वाहतूकदाराकडे द्या, नाहीतर सॅन डिएगोहून पाण्यातून एन्सेनाडाला न्या. ते अंतर साठ-पासष्ट सागरी मैलांचं आहे. एन्सेनाडाला बंदर कप्तान, इमिग्रेशन आणि कस्टम यांच्या खिडक्या एकाच इमारतीत आहेत, त्यामुळे तिथली कागदपत्रं एका फेरीत उरकतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अशा सहली समुद्रावर फारशा बिघडत नाहीत. त्या बिघडतात खिडकीवर, कागदावरचा नंबर बोटीवरच्या नंबराशी जुळत नाही म्हणून, किंवा रस्त्यात, ट्रेलरचं बेरिंग गेलं म्हणून. दोन्हीचा बंदोबस्त घरच्या अंगणातच करता येतो.

बोट घेतानाच बघायचं: नाव आणि नंबर

व्यवहार पूर्ण होण्याआधी बोटीच्या मागे जाऊन उभे राहा. मागच्या फळीच्या उजव्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला, हलचा, म्हणजे बोटीच्या सांगाड्याचा, ओळख क्रमांक कोरलेला असतो. तो १२ अक्षर-अंकांचा असतो. पहिली तीन अक्षरं कारखान्याची, पुढची पाच बोटीच्या अनुक्रमांकाची आणि शेवटची चार महिना-वर्षाची. त्या मधल्या पाचांत इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. म्हणजे तिथे गोल दिसलं तर ते शून्यच. डीलरच्या कारकुनाने शून्याच्या जागी ओ टाइप केला असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. मेक्सिकोच्या खिडकीवर असा कागद गेला की तो परत येतो.

इंजिनाचा नंबर वेगळा असतो. इंजिन ज्या ब्रॅकेटने फळीला अडकवलेलं असतं, त्याच्या बाजूला छोटी पाटी असते. तिसरा नंबर ट्रेलरचा, १७ अक्षर-अंकांचा, बहुधा पुढच्या दांड्यावर. तिन्हींचे मोबाईलवर स्पष्ट फोटो काढा. बिल ऑफ सेलवर, म्हणजे विक्रीच्या कागदावर, बोट, इंजिन आणि ट्रेलर या तिन्ही गोष्टी आपापल्या नंबरासह लिहिलेल्या हव्यात. कित्येक डीलर फक्त बोटीचा नंबर टाकून मोकळे होतात.

नावाचा घोळ हा खास आपला. पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ड्रायव्हिंग लायसन्सवर ते गायब असतं आणि क्रेडिट कार्डावर नुसतं आद्याक्षर असतं. अमेरिकेत यावरून कुणी अडवत नाही. पण मेक्सिकोचा बोटीचा परवाना पासपोर्टवरच्या नावाने निघतो, आणि मालकीचा कागद त्याच माणसाचा आहे हे दिसावं लागतं. तेव्हा बोटीची नोंदणी पासपोर्टवर आहे तश्शाच नावाने करा. घरातल्या दोघांच्या नावावर बोट घेतली असेल तर परवाना काढणाऱ्याचं नाव नोंदणीत ठळकपणे असू द्या.

नव्या बोटीला डीलर सुरुवातीला तात्पुरता कागद देतो. त्या भरवशावर निघू नका. मोटार वाहन विभागाकडून कायमचं नोंदणीपत्र आणि बोटीवर लावायचा सीएफ क्रमांक हातात येऊ द्या. दोन-चार आठवडे स्थानिक पाण्यात बोट चालवून तिची खोड समजून घ्यायलाही तो वेळ बरा. बोट कर्जावर असेल तर बँकेचं, बोट मेक्सिकोला न्यायला हरकत नाही असं पत्र नोटरी करून घ्या. बँका हे पत्र देतात, पण सावकाश.

बोट वापरलेली असेल तर एक प्रश्न विकणाऱ्याला तोंडावर विचारा: ही कधी मेक्सिकोला नेली होती का? मेक्सिकोचा तात्पुरता आयात परवाना बोटीच्या नंबराला चिकटतो. जुन्या मालकाने तो रद्द केला नसेल तर तुम्हाला नवा मिळत नाही, आणि रद्द करायला जुन्या मालकाचे कागद, सह्या, कधीकधी मूळ परवानाच लागतो. विकून झाल्यावर तो माणूस फोन उचलेल याची खात्री कोण देणार? पैसे देण्याआधीच जुना परवाना रद्द झाल्याचा कागद मागा.

जाता जाता एक गंमत. पूर्वी कॅलिफोर्नियातले श्रीमंत लोक नवी यॉट घेऊन थेट एन्सेनाडाला नेत आणि नव्वद दिवस तिथेच ठेवत, म्हणजे राज्याचा कर चुकायचा. त्याला थट्टेने नव्वद दिवसांचा यॉट क्लब म्हणत. पुढे राज्याने ती मुदत बारा महिन्यांवर नेली आणि क्लबाची हवा गेली. तुम्हाला कुणी अजूनही ही युक्ती सांगितली तर हसून सोडून द्या.

बोटीचा परवाना

बाहात गाडीला तात्पुरता आयात परवाना लागत नाही, त्यामुळे बोटीलाही लागत नसेल असं लोक समजतात. तसं नाही. साडेचार मीटरपेक्षा, म्हणजे साधारण पंधरा फुटांपेक्षा लांब बोटीला तो बाहातही लागतो. बान्हेर्सितो ही मेक्सिकोच्या लष्कराची बँक तो देते. बोटीसाठी त्याची मुदत दहा वर्षांची असते. गाडीच्या परवान्यासाठी अनामत रक्कम भरावी लागते, बोटीला ती नाही, फक्त फी असते.

परवाना सीमेवरच्या बान्हेर्सितोच्या खिडकीवर मिळतो आणि त्यांच्या संकेतस्थळावरूनही काढता येतो. मी ऑनलाइनच्या बाजूचा आहे. सीमेवर मागे पाव मैल गाड्या तटलेल्या असताना फॉर्म भरण्यात शहाणपण नाही. पासपोर्ट, बोटीचं नोंदणीपत्र, हल आणि इंजिनाचे नंबर, मीटरमधली लांबी आणि स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड एवढं जवळ घेऊन बसा. लांबी फुटांत टाकण्याचा प्रकार फार होतो. बावीस फुटांची बोट कागदावर बावीस मीटरची झाली, तर पुढे प्रत्येक तपासणीत त्याचं उत्तर देत बसावं लागेल. परवान्यात बोटीवरच्या वस्तूंची यादी देता येते. त्यात दुसरं इंजिन, फुगवायची छोटी बोट, सोनार, रडार सगळं नंबरासह टाका. उद्या इंजिन बिघडलं आणि भाग किंवा नवं इंजिन अमेरिकेतून आणावं लागलं, तर या यादीचा फायदा होतो.

बाहाऐवजी सोनोरा राज्यातून खाली मुख्य भूमीवर जाणार असाल तर गणित बदलतं. गाडी परवान्याविना नेता येते तो मुक्त पट्टा संपला की गाडीलाही परवाना लागतो आणि ट्रेलर त्या परवान्यात नोंदवावा लागतो. पर्यटकाच्या गाडीला साडेतीन टनांची मर्यादा आहे, त्यामुळे मोठ्या पिकअपवाल्यांनी आपल्या गाडीच्या पाटीवरचं वजन आधी वाचावं. गाडीची अनामत २००७ आणि त्यानंतरच्या मॉडेलला ४०० डॉलर असते आणि परवाना मुदतीत परत केला नाही तर ती बुडते.

माणसांचे कागद

भारतीय पासपोर्टवाल्याला अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. इथे एच-वन-बी वाल्यांनी थांबून विचार करावा. मुक्कामाची मुदत चालू आहे पण पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का संपलाय, अशी स्थिती बऱ्याच जणांची असते. तीस दिवसांच्या आत मेक्सिकोहून परतणाऱ्याला त्या संपलेल्या शिक्क्यावरही अमेरिका आत घेते, अशी एक सवलत आहे. पण मेक्सिको तुमचा चालू व्हिसा बघतो. म्हणजे परतीची वाट उघडी आणि जायची वाट बंद. अशा वेळी मेक्सिकन वकिलातीतून व्हिसा काढा किंवा शिक्का नवा होईपर्यंत थांबा. बोटीवर पाहुणा म्हणून येणाऱ्या मित्रालाही हे आधी विचारा.

जमिनीवरून जाताना सीमेवर कुणी तुम्हाला आपणहून इमिग्रेशनकडे पाठवत नाही. गाडी बाजूला लावून आत जायचं, पासपोर्ट दाखवायचा आणि पर्यटक प्रवेशपत्र घ्यायचं. सात दिवसांपर्यंत ते फुकट असतं. पाण्यावर नौदलाची गस्त हा कागद मागते.

मासेमारीचा परवाना हा लोक सगळ्यात हलक्यात घेतात. बोटीवर मासेमारीचं सामान असेल, तर बोटीवरच्या प्रत्येकाकडे परवाना हवा, गळ हातात धरो वा न धरो. त्यातून लहान मुलंही सुटत नाहीत. तो दिवसाचा, आठवड्याचा, महिन्याचा आणि वर्षाचा मिळतो. मर्यादा अशी: माणशी दिवसाला दहा मासे, एका जातीचे पाचपेक्षा जास्त नाहीत, दोराडो फक्त दोन आणि मार्लिन, सेलफिश, तलवारमासा यांपैकी एकूण एकच, तोही सबंध बोटीमागे. शेवंड, कोळंबी, शिंपल्या परदेशी माणसाने पाण्यातून काढायच्याच नाहीत. आपल्याला हे जड जातं, पण बाजारातून विकत घ्या आणि पावती ठेवा.

सान फेलिपेच्या पाण्यात तोतोआबा नावाचा मोठा मासा आहे. त्याच्या पोटातल्या हवेच्या फुग्याचा चोरटा व्यापार आणि त्यासाठी टाकलेली जाळी यामुळे वाकिता हा तिथला चिमुकला पॉर्पॉइझ, म्हणजे डॉल्फिनसारखा सागरी प्राणी, नामशेष होण्याच्या टोकाला आलाय. गळाला तोतोआबा लागला तर बोटीत घेऊ नका, पाण्यातच सोडा. फोटोसाठीही वर काढू नका.

विम्याचं थोडक्यात. अमेरिकेची थर्ड पार्टी पॉलिसी मेक्सिकोत चालत नाही. मेक्सिकन पॉलिसी घेताना ट्रेलर आणि बोट टोचन करून नेतोय हे त्यात लिहून घ्या. न सांगता नेलंत तर अपघाताच्या वेळी कंपनी हात वर करू शकते. बोट पाण्यात असतानाची जबाबदारी ही आणखी वेगळी पॉलिसी आहे. नुकसानभरपाईची मर्यादा निदान तीन लाख डॉलरची घ्या, कारण अपघातात कुणी दगावलं तर जबाबदारी ठरेपर्यंत चालकाला अडकवून ठेवता येतं.

ट्रेलर: इथे वेळ घालवा

नव्या बोटीबरोबर आलेला ट्रेलर नवा असतो, म्हणून तो ठीक असेल असं नाही. डीलरच्या अंगणात तो दोन-तीन वर्षं उन्हात उभा असू शकतो. टायरच्या बाजूला डॉट ही अक्षरं शोधा. त्या ओळीच्या शेवटचे चार आकडे वाचा. २३२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. पाच वर्षांच्या पुढचा टायर बाहाच्या उन्हात नेऊ नका, नक्षी कितीही ताजी दिसो. टायर ट्रेलरसाठीचाच असावा, त्यातली हवा कडेला छापलेल्या आकड्याइतकी आणि ती थंड असताना भरलेली.

स्टेपनी दोन घ्या. एक हब बेरिंगसकट, ग्रीस भरून, पिशवीत बांधून ठेवा. ट्रेलरचा जॅक आणि पाना वेगळा लागतो. पिकअपचा जॅक ट्रेलरखाली बसतोच असं नाही, ते घरी एकदा चाक काढून बघा. निघाल्यावर पहिल्या पन्नास मैलांनी थांबून चाकांचे नट पुन्हा आवळा. प्रत्येक थांब्यावर हबला हात लावायची सवय करा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर बेरिंग बोलतंय.

गाडीच्या हुकवर येणारं वजन एकूण वजनाच्या साधारण सात ते दहा टक्के असावं. कमी पडलं तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, आणि बोटीच्या मागच्या भागात बर्फाची पेटी आणि पाण्याचे कॅन ठेवले की नेमकं तेच होतं. जड सामान पिकअपमध्ये ठेवा. इंजिनाला खालून आधाराची दांडी लावा, मागचे दोन पट्टे आणि पुढची साखळी तपासा, सुरक्षा साखळ्या फुलीत अडकवा. सुट्या गाद्या, झाकणं, गळाच्या काठ्या काढून घ्या. कॅलिफोर्नियात टोचन करताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे, आणि तीच तुम्ही मेक्सिकोतही कमाल मर्यादा धरा.

सीमेचा दिवस

मंगळवार-बुधवारी सकाळी निघा. आदल्या रात्री पिकअपचा कोपरान् कोपरा आणि बोटीचे सगळे कप्पे रिकामे करून बघा. बंदूक तर सोडाच, सीटखाली राहिलेलं एक काडतूसही मेक्सिकोत तुरुंगाचं कारण होतं. उधार घेतलेला पिकअप असेल तर दुप्पट काळजी घ्या.

बोट ओढणाऱ्या गाडीने जाहीर करण्यासारखं काही असेल त्या मार्गिकेत जावं. कस्टमवाले कप्पे उघडायला सांगतील, बोटीचा नंबर कागदाशी ताडून बघतील. प्रवाशाच्या सामानात चार गळाच्या काठ्या चालतात. डब्यात बंद कोऱ्या रीळ आणि किंमतीच्या चिठ्ठ्या लटकणारं सामान दिसलं तर विक्रीला नेताय का, असा प्रश्न येतो. म्हणून खोकी घरी फोडून टाका. कागद एकाच प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा, प्रत्येकाच्या दोन प्रती आणि फोनवर फोटो. शांतपणे, हसून, ‘बुएनोस दियास’ म्हणा. सीमेवरच्या माणसांना रोज घाईतले वैतागलेले लोक भेटत असतात, त्यामुळे साधं बोलणंही खूप काम करतं.

रस्ता

मेक्सिकाली ते सान फेलिपे हा पाच नंबरचा रस्ता बरा आहे, सुमारे दोनशे किलोमीटर. खरी परीक्षा पुढची. एक नंबरचा द्वीपकल्पी महामार्ग १९७३ साली पूर्ण झाला. त्याच्या बऱ्याच भागात कडेला खांदाच नाही, रंगाची रेघ संपली की डांबर संपतं आणि खाली उतार. समोरून ट्रक आला की आरसे जपा. रात्री गाडी चालवायची नाही, गुरं रस्त्यावर बसतात. गावाच्या तोंडाशी टोपेस, म्हणजे गतिरोधक, काही ठिकाणी पाटीविना. ट्रेलरचे स्प्रिंग तिथेच मोडतात. नाल्यातून रस्ता खाली उतरतो अशा जागा असतात. पावसाच्या वादळानंतर त्यात वाळू आणि दगड येतात. २०१८ च्या रोसा वादळाने सान फेलिपेच्या दक्षिणेचे पूलच मोडले होते.

पेट्रोलची हिशेबाने भर करा. एन्सेनाडाच्या बाजूने एक नंबरने आलात तर एल रोसारियोच्या पुढे शेकडो किलोमीटर भरवशाचा पंप नाही. वाटेतल्या काताविन्याला लोक पिंपातून विकतात, पण ते संकटकाळचं समजा. पंपावर भरण्याआधी मीटर शून्यावर आहे ना ते बघा. बोटीच्या इंजिनाला पाणी वेगळं करणारा फिल्टर लावलेला असावा आणि सुटे फिल्टर जवळ असावेत. लष्कराचे तपासणी नाके लागतील. ते शांतपणे घ्या. अडलात तर आंखेलेस वेर्देस ही सरकारी मदत गाड्यांची सेवा आहे, नंबर ०७८.

मोसमाबद्दल: पूर्व पॅसिफिकचा वादळी काळ १५ मे ते ३० नोव्हेंबर. बऱ्याच विमा पॉलिसी त्या काळात ठरावीक अक्षांशाच्या दक्षिणेला बोट ठेवायला मनाई करतात. पहिल्या सहलीसाठी एप्रिल-मे सोईचा. हिवाळ्यात आखातात उत्तरेचा वारा दोन-तीन दिवस सलग सुटतो आणि छोट्या बोटीला किनाऱ्यावर बसवतो.

पाण्यात उतरवणं

सान फेलिपेला भरती-ओहोटीतला फरक सात मीटरपर्यंत जातो. मुंबईला उधाणालाही तो पाच मीटरच्या आसपास असतो, यावरून अंदाज करा. ओहोटीला समुद्र शेकडो मीटर मागे जातो आणि जिथे सकाळी बोट तरंगत होती तिथे दुपारी चिखल. म्हणून आधी भरतीची वेळ बघायची, मग हॉटेल आणि जेवण. बोट भरतीच्या थोडं आधी उतरवा. परतायची वेळ पुढच्या भरतीशी जुळवा. शक्यतो भांगाचे दिवस निवडा, फरक कमी असतो.

वाळूवरून बोट उतरवून देणारे स्थानिक लोक जुन्या ट्रकनिशी तिथे असतात. त्यांना पैसे द्या. तुमची नवी पिकअप खाऱ्या चिखलात रुतली तर त्यापेक्षा कितीतरी जास्त जातील. दर आधी ठरवा आणि काढायची वेळही त्याच माणसाशी पक्की करा. बाहिया दे लोस आंखेलेसला काँक्रीटचे उतार आहेत, तिथे हा प्रश्न कमी.

पाण्यात जाण्याआधी बोटीच्या तळाच्या भोकाचा प्लग लावलाय का बघा. नव्या मालकांची घाई इथेच होते. जीवरक्षक जॅकेट प्रत्येकाला, व्हीएचएफ रेडिओ चॅनल १६ वर, आणि किनाऱ्यावर कुणाला तरी परतीची वेळ सांगून. आखातातली बेटं संरक्षित क्षेत्रात येतात. तिथे उतरायचं किंवा आसपास फिरायचं तर त्यांचं शुल्क भरून मनगटी पट्टा घ्यावा लागतो.

परतताना

मासे साफ करताना चामडीचा तुकडा राहू द्या, जात ओळखता यायला हवी. कॅलिफोर्नियात शिरताना मेक्सिकोत पकडलेल्या माशांचा घोषणापत्राचा फॉर्म भरून द्यावा लागतो. मासेमारीचे परवाने त्या वेळी हाताशी लागतात, म्हणून ते बर्फाच्या पेटीत नव्हे, फाइलमध्ये ठेवा. इंजिन जपानी बनावटीचं असेल तर अमेरिकेतल्या खरेदीची पावती दाखवा, म्हणजे ते मेक्सिकोत घेतलं का हा प्रश्न मिटतो. घरी पोचल्यावर इंजिनातून गोडं पाणी फिरवा, ट्रेलरच्या ब्रेकवर आणि स्प्रिंगांवर नळ सोडा, हब उघडून ग्रीस बघा. दुधाळ झालं असेल तर आत खारं पाणी गेलंय. सील आणि बेरिंग त्याच आठवड्यात बदला.